पाण्याचा रोग, रक्ताचा रोग : हिपॅटायटिसचा आढावा

यकृताच्या पेशींना सूज येऊन त्यांचे कार्य बिघडण्याच्या अवस्थेला वैद्यकात हिपॅटायटिस, म्हणजेच यकृतदाह, असे म्हणतात. ही सूज अतिरिक्त मद्यपानाने, काही औषधांनी, यकृतात साठलेल्या चरबीने किंवा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेतील बिघाडानेही येऊ शकते. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने पाहिल्यास ए, बी, सी, डी आणि ई या पाच विषाणूंचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. अक्षरांच्या ओळीत बसवल्यामुळे हे पाच विषाणू एकाच कुळातले असावेत असा समज होतो, प्रत्यक्षात त्यांचे परस्परांशी नाते नाही. ते सारे यकृतावरच हल्ला करतात, एवढेच काय ते साम्य. त्यांचे शरीरात शिरण्याचे मार्ग मात्र दोन आहेत. ए आणि ई हे दूषित पाणी व अन्न यांतून तोंडावाटे शिरतात, तर बी, सी आणि डी हे रक्त, शरीरातील इतर स्राव आणि प्रसूती यांच्या वाटेने पसरतात.

या साऱ्याला बोलण्यात कावीळ म्हटले जाते. आयुष्य संपलेल्या तांबड्या रक्तपेशी शरीर सतत मोडीत काढत असते आणि त्यातून बिलिरुबिन नावाचे पिवळे द्रव्य तयार होते. निरोगी यकृत ते पाण्यात विरघळेल अशा रूपात आणून पित्तावाटे आतड्यात सोडते, आणि यकृत आजारी पडले की तेच द्रव्य रक्तात साठून डोळ्यांचा पांढरा भाग व त्वचा पिवळी दिसू लागते, लघवी काळ्या चहासारखी गडद होते. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे, आजार नव्हे. पित्तनलिकेत अडकलेल्या खड्यानेही ती होते, आणि ठाण्या-मुंबईच्या पावसाळ्यात मलेरिया व लेप्टोस्पायरोसिस यांनीही होते. उलट बाजू अधिक महत्त्वाची आहे: बी आणि सी या विषाणूंचा दीर्घकालीन संसर्ग झालेल्या माणसाचे डोळे वीस-वीस, तीस-तीस वर्षे स्वच्छ पांढरे राहतात, त्याला भूक लागते, तो कामावर जातो, आणि आत यकृत हळूहळू जून होऊन सिरॉसिसकडे, म्हणजे व्रणतंतूंनी कडक झालेल्या अवस्थेकडे, किंवा कर्करोगाकडे सरकत असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये विषाणुजन्य यकृतदाहाने जगभरात सुमारे १३ लाख माणसे दगावली. त्यांपैकी ८३ टक्के मृत्यू बीमुळे आणि १७ टक्के सीमुळे झाले. भारतात बीचा दीर्घकालीन संसर्ग असलेले सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचा संसर्ग असलेले सुमारे ५५ लाख लोक आहेत, असा त्याच अहवालाचा अंदाज आहे. ज्या काविळीची समाज धास्ती घेतो, जिच्यासाठी पथ्ये पाळली जातात आणि सुट्ट्या काढल्या जातात, ती बहुतांशी आपोआप बरी होणारी आहे. जी जीव घेते तिची चाचणीच होत नाही. या प्रश्नाचा सारा गुंता या विसंगतीत आहे.

पाण्यातून येणाऱ्या यकृतदाहाचा आधुनिक इतिहास मोठ्या प्रमाणात भारतातच घडला. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या बदललेल्या प्रवाहामुळे नजफगड नाल्याचे सांडपाणी वझिराबाद येथील पाणी उपसण्याच्या ठिकाणापर्यंत आले आणि पुढील काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. धोका ओळखून क्लोरीनची मात्रा वाढवण्यात आली होती, त्यामुळे जंतूंनी होणारे हगवणीसारखे आजार फारसे वाढले नाहीत, परंतु विषाणू त्या मात्रेला पुरून उरला. ही साथ त्या काळी हिपॅटायटिस एची समजली गेली. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात आलेल्या साथीचा अभ्यास करताना डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांना गर्भवती स्त्रियांमधील मृत्यूंचे असाधारण प्रमाण आढळले आणि हा एखादा वेगळाच विषाणू असावा असा तर्क त्यांनी मांडला; १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रशियन विषाणुतज्ज्ञ मिखाइल बलायान यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्राशन करून, स्वतःला कावीळ करून घेऊन तो तर्क सिद्ध केला, आणि तोच विषाणू पुढे ई म्हणून ओळखला जाऊ लागला. आजच्या कोणत्याही नीतिसमितीने या प्रयोगाला परवानगी दिली नसती, हे वेगळे सांगायला नको.

या शोधाच्या पुढच्या टप्प्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यातील राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, आणि तेथे वर्षानुवर्षे निरनिराळ्या साथींतील रुग्णांचे रक्तद्रव गोठवून जपून ठेवण्यात आले होते. नवी चाचणी हाती आल्यावर डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जुने नमुने पुन्हा तपासले, तेव्हा भारतातील पाण्यातून पसरलेल्या काविळीच्या बहुतेक मोठ्या साथींमागे ए नसून ई हा विषाणू होता, असे दिसून आले. दिल्लीची ती साथही त्यातच मोडली. १९८० च्या दशकाच्या आरंभी कोल्हापूर शहरात आलेल्या साथीचा अभ्यास याच संस्थेने केला होता; आणि तीस वर्षांनंतर, २०१२ च्या उन्हाळ्यात, त्याच जिल्ह्यातील इचलकरंजीत पंचगंगेच्या दूषित पाण्याशी जोडली गेलेली ईची मोठी साथ आली, तिच्यात मृत्यूही झाले. दोन साथींच्या मधल्या काळात विषाणूची ओळख पटली, त्याची जनुकीय रचना वाचली गेली, चाचण्या बाजारात आल्या, पण नदीत मिसळणारे सांडपाणी तसेच राहिले.

ए आणि ई यांच्यातील फरक वयाचा आहे. ए हा विषाणू जिथे स्वच्छता कमी तिथे बहुतेक सर्वांना बालपणीच गाठतो, त्या वयात तो क्वचितच कावीळ करतो, आणि एकदा होऊन गेला की जन्मभराची प्रतिकारशक्ती देऊन जातो. राहणीमान सुधारले की मूल या संसर्गापासून वाचते, मात्र मोठेपणी अचानक गाठले गेल्यास आजार तीव्र होतो. त्यामुळे ठाण्यातील वर्तकनगरसारख्या वस्तीत एक विचित्र चित्र तयार होते. म्हाडाच्या जुन्या वसाहती, त्यांच्या जागी उभे राहणारे पुनर्विकसित मनोरे, पोखरण रस्त्यालगतच्या बंदिस्त गृहसंकुलांतील कुटुंबे आणि येऊरच्या पायथ्याशी चढत गेलेली लोकमान्यनगर, सावरकरनगरकडची दाट घरे ही सारी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दाट वस्तीतल्या मुलाला ए होऊन गेल्याचे त्याच्या आईलाही कळत नाही. संकुलातला तरुण महाविद्यालयाजवळच्या गाडीवर बर्फाचे पाणी पितो आणि परीक्षेच्या तोंडावर महिनाभर अंथरुणाला खिळतो. एची लस उपलब्ध आहे, ती परिणामकारकही आहे, परंतु राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिचा समावेश नसल्याने ती विकत घ्यावी लागते. ईचे मात्र तसे नाही. भारतात त्याच्या साथींमध्ये मुख्यतः तरुण प्रौढ आजारी पडतात, त्याची लस चीनमध्ये तयार झाली असली तरी भारतातील नेहमीच्या वापरात ती नाही, आणि गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत तो झाल्यास मृत्यूचे प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. गर्भवती स्त्रीला झालेली कावीळ ही म्हणूनच कधीही घरी थांबून पाहण्याची गोष्ट नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात पाणी प्रामुख्याने दोन नद्यांचे आहे. भातसा नदीचे पाणी पिसे येथून उचलून टेमघरच्या केंद्रात शुद्ध केले जाते, तर उल्हास नदीवर स्टेम, एमआयडीसी आणि कल्याण-डोंबिवली महापालिका यांच्या योजना अवलंबून आहेत. बारवी धरणातून सोडलेले पाणीही याच नदीतून येते. उल्हास नदीत मिसळणारे खेमाणी नाल्यासारख्या नाल्यांचे सांडपाणी, उन्हाळ्यात पसरणारी जलपर्णी आणि वालधुनी नदीची अवस्था यांवर बरीच वर्षे लिहिले-बोलले जात आहे. तरीही शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी हा या प्रश्नातला सर्वांत कमकुवत दुवा नाही. तो असतो केंद्रापासून घरातल्या पिंपापर्यंतच्या प्रवासात. नळाला पाणी ठरावीक तासच येते, उरलेल्या वेळी जलवाहिनीतला दाब उतरतो, आणि जिथे सांधा ढिला आहे किंवा वाहिनी गंजली आहे तिथे आजूबाजूच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटार लावून पाणी खेचण्याची सवय ही ओढ आणखी वाढवते. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी हे या गळतीचेच चिन्ह असते. इमारतीची जमिनीखालची टाकी मलवाहिनीच्या चेंबरजवळ असेल आणि तिचे झाकण नीट बसत नसेल, तर महापालिकेने कितीही शुद्ध पाणी दिले तरी त्याचा उपयोग उरत नाही.

नळाच्या टोकाशी पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे, हा सर्वसाधारण दंडक आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांमध्ये ओटी चाचणी म्हणून जी ओळखली जाते ती याच क्लोरीनची असते. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळे झाले तर क्लोरीन आहे. काविळीच्या साऱ्या प्रकरणात पिवळा रंग शुभ ठरतो तो एवढ्या एकाच ठिकाणी. साथीच्या काळात मात्र क्लोरीनवर विसंबून न राहता पाणी उकळून पिणे हाच भरवशाचा उपाय आहे, कारण पाण्यात सेंद्रिय घाण मिसळलेली असेल तर क्लोरीन तिच्यातच खर्ची पडते. रस्त्यावरचा उसाचा रस काविळीवर औषध म्हणून मुद्दाम पाजला जातो. तो ज्या बर्फासह आणि ज्या पेल्यातून दिला जातो, त्यांचा विचार केला तर ही प्रथा उलटीच म्हणावी लागेल.

ए आणि ई यांवर विषाणू मारणारे नेहमीचे औषध नाही आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही. विश्रांती, पुरेसे पाणी, झेपेल ते घरचे अन्न, मद्य पूर्ण बंद आणि डॉक्टरांना न विचारता एकही गोळी न घेणे, एवढ्यावर काही आठवड्यांत यकृत सावरते. हळद वर्ज्य करण्याला किंवा केवळ उकडलेले अन्न खाण्याला शास्त्रीय आधार नाही. रुग्ण असंबद्ध बोलू लागला, गुंगीत जाऊ लागला, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येऊ लागले, उलट्या थांबेनात, तर मात्र यकृत निकामी होत असल्याची ती चिन्हे असतात आणि त्या वेळी यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयापर्यंत लवकर पोहोचणे हे बिलिरुबिनच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे ठरते. रक्त गोठायला लागणारा वेळ दाखवणारी प्रोथ्रोम्बिन चाचणी या टप्प्यावर यकृताची खरी स्थिती सांगते.

आपोआप बऱ्या होणाऱ्या या आजारावरच काविळीची माळ उभी आहे. वनस्पतीच्या ओल्या काड्यांचे लहान तुकडे दोऱ्यात गाठवून केलेली माळ डोक्यात किंवा गळ्यात घालतात, काड्या सुकून आकसल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांबत जाते. ती लांबली म्हणजे कावीळ उतरली. चुन्याच्या पाण्यात रुग्णाचे हात धुवून पाणी पिवळे करून दाखवण्याचा प्रकारही असाच; त्यात असते ती आधी हाताला लावलेल्या सालीच्या रसाची चुन्याशी होणारी प्रक्रिया. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने अशा प्रकारांमागची रासायनिक क्रिया गावोगाव करून दाखवली. माळेने अपाय होत नाही, हे खरे. अपाय होतो तो माळेच्या भरवशावर गेलेल्या दिवसांमुळे, आणि माळेबरोबर दिल्या जाणाऱ्या अनोळखी चूर्णांमुळे. वनौषधींचा प्रश्न याहून नाजूक आहे. भुईआवळ्याच्या एका जातीमुळे रक्तातील बीचा विषाणू नाहीसा होतो असा निष्कर्ष मद्रासमधील डॉ. एस. पी. त्यागराजन आणि बीचा शोध लावणारे बारुक ब्लुमबर्ग यांच्या गटाने १९८८ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा मोठी आशा निर्माण झाली होती, परंतु नंतरच्या अभ्यासांत तो परिणाम टिकला नाही. कोविडच्या काळात मुंबईत डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने तिच्यावर आक्षेप घेतला आणि वाद झाला. त्या वादात कोणाची बाजू घ्यावी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, यकृत आधीच सुजलेले असताना ज्या काढ्याचे प्रमाण आणि घटक ठाऊक नाहीत तो घेऊ नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

रक्ताच्या वाटेने येणाऱ्या यकृतदाहाची गोष्ट १९६० च्या दशकात सुरू होते. ब्लुमबर्ग यांना ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीच्या रक्तात एक अपरिचित प्रथिन सापडले. ते हिपॅटायटिस बी विषाणूच्या बाह्य आवरणाचा भाग असल्याचे पुढे निष्पन्न झाले, ब्लुमबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि भारतातील प्रयोगशाळांच्या कागदांवर ऑस्ट्रेलिया अँटीजेन हे नाव आजही टिकून आहे. २८ जुलै हा त्यांचा जन्मदिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

बीचे भवितव्य संसर्ग कोणत्या वयात झाला यावर ठरते. प्रौढ वयात तो झाला तर शंभरांपैकी पंचाण्णवांहून अधिक जण त्याला शरीराबाहेर घालवतात. जन्माच्या वेळी आईकडून झाला तर दहापैकी नऊ बाळांमध्ये तो कायमचा मुक्काम करतो. म्हणून बीविरुद्धची लढाई प्रसूतिगृहात जिंकली किंवा हरली जाते. बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा मिळाली पाहिजे, आणि त्यानंतर सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट लसीतून पुढच्या मात्रा मिळतात. आईला संसर्ग असल्याचे आधीच माहीत असेल तर बाळाला पहिल्या मात्रेबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही दिले जाते, आणि आईच्या रक्तात विषाणूंची संख्या फार असेल तर गर्भारपणाच्या शेवटच्या टप्प्यात तिला टेनोफोव्हिर देऊन बाळाचा धोका आणखी कमी करता येतो. या साखळीतली पहिली कडी म्हणजे गर्भवतीची चाचणी. ती चुकली तर पुढचे सारे चुकते. भारतात ही लस २००२-०३ मध्ये काही ठिकाणी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०११ मध्ये देशभर पोहोचली. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स कंपनीने देशात ही लस बनवून तिची किंमत खाली आणली नसती तर ते इतक्या लवकर शक्य झाले असते का, याबद्दल शंका आहे.

प्रौढांमधील प्रसाराचे मार्ग म्हणजे न तपासलेले रक्त, पुन्हा वापरलेल्या सुया, असुरक्षित शरीरसंबंध, आणि रक्ताचा अंश राहू शकेल अशी कोणतीही वस्तू: न्हाव्याचे ब्लेड, जत्रेतली गोंदणाची सुई, एकमेकांचा वस्तरा किंवा दात घासण्याचा ब्रश. शरीराबाहेर सांडलेल्या रक्तात हा विषाणू सात दिवसांपर्यंत तग धरतो. २००९ मध्ये गुजरातमधील मोडासा परिसरात एकदा वापरून फेकायच्या सिरिंजांच्या पुनर्वापरातून बीची साथ पसरली आणि कित्येकांचा बळी गेला. रक्तातून झालेल्या संसर्गाचे भारतात सर्वांत परिचित उदाहरण अमिताभ बच्चन यांचे आहे. १९८२ मध्ये कुली या चित्रपटाच्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर दिलेल्या रक्तातून आपल्याला बीचा संसर्ग झाला, तो बऱ्याच वर्षांनी नेहमीच्या तपासणीत उघड झाला आणि तोवर यकृताचा पाऊण भाग निकामी झाला होता, असे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी असलेल्या माणसाच्या बाबतीतही इतकी वर्षे सुगावा लागला नाही, ही या उदाहरणातली ध्यानात घेण्याची गोष्ट. हस्तांदोलन, एका ताटात जेवणे, डासांचा दंश किंवा एकच स्वच्छतागृह वापरणे यांतून मात्र बी किंवा सी पसरत नाही. डी हा विषाणू बीच्या आधाराशिवाय वाढू शकत नाही, त्यामुळे बीची लस डीपासूनही वाचवते. भारतात त्याचे प्रमाण कमी आहे.

सीची ओळख १९८९ मध्ये पटली आणि त्या कामासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हाउटन व चार्ल्स राइस यांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच्या काळात रक्तातून येणाऱ्या अशा काविळीला नुसते ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढेच म्हटले जाई. भारतात रक्तपेढ्यांनी सीची तपासणी करणे २००१ च्या सुमारास बंधनकारक झाले, आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली. त्यापूर्वी रक्त घेतलेल्यांमध्ये, वारंवार रक्त लागणाऱ्या थॅलेसेमियाच्या रुग्णांमध्ये, डायलिसिसवरील रुग्णांमध्ये आणि सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये सीचे प्रमाण म्हणूनच अधिक आढळते. सीची लस नाही. मात्र पाचांपैकी संपूर्ण बरा होणारा दीर्घकालीन संसर्ग तेवढा हाच. सोफोसबुव्हिर हे औषध २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत आले तेव्हा बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ८४ हजार डॉलर होती, म्हणजे एका गोळीला हजार डॉलर. भारतीय कंपन्यांना परवाने मिळाल्यावर मार्च २०१५ मध्ये २८ गोळ्यांची बाटली सुमारे २० हजार रुपयांना मिळू लागली, आणि आज सरकारच्या राष्ट्रीय यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात हीच औषधे विनामूल्य दिली जातात. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटास्व्हिर, अथवा सिरॉसिस असल्यास सोफोसबुव्हिर आणि व्हेल्पाटास्व्हिर, अशा गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात. त्यानंतर बारा आठवड्यांनी रक्तात विषाणू सापडला नाही तर रुग्ण बरा झाला असे मानतात. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण असे बरे होतात.

बीच्या बाबतीत एवढे समाधान नाही. टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिरची रोजची एक गोळी विषाणूला दाबून ठेवते, सिरॉसिस व कर्करोगाचा धोका पुष्कळ घटवते, पण विषाणूला समूळ काढत नाही, त्यामुळे औषध सहसा वर्षानुवर्षे चालते. ते मनाने बंद केल्यास विषाणू उसळून यकृत एकाएकी निकामी होऊ शकते. संसर्ग असलेल्या प्रत्येकाला औषध लागतेच असे नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासणी लागते, आणि सिरॉसिस असल्यास कर्करोगाच्या शोधासाठी सोनोग्राफीही. कर्करोगाची केमोथेरपी किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू करण्याआधी बीची चाचणी करणे आवश्यक असते, कारण प्रतिकारशक्ती दबली की वर्षानुवर्षे शांत असलेला विषाणू जागा होतो.

चाचण्यांची नावे गोंधळात टाकणारी असली तरी त्यांचे तर्कशास्त्र साधे आहे. लिव्हर फंक्शन टेस्ट केवळ यकृताला इजा होत आहे का ते सांगते. कोणत्या विषाणूमुळे, ते सांगत नाही, आणि ती सर्वसाधारण आली म्हणून बी किंवा सी नाही असेही ठरत नाही. बीसाठी एचबीएसएजी, म्हणजेच ऑस्ट्रेलिया अँटीजेनची, ही पहिली चाचणी. ती सहा महिन्यांनंतरही सकारात्मक राहिली तर संसर्ग दीर्घकालीन समजतात आणि पुढे विषाणूंची संख्या मोजणारी डीएनए चाचणी करतात. सीमध्ये पहिली चाचणी प्रतिपिंडांची असते, ती सकारात्मक आली तरी विषाणू अजून शरीरात आहे असे निश्चित होत नाही, कारण संसर्ग झालेल्यांपैकी काही जण आपोआप बरे होतात. म्हणून आरएनए चाचणी झाल्याशिवाय कोणालाही सीचा रुग्ण म्हणू नये. बीची लस लागू पडली का हे पाहायचे असेल तर प्रतिपिंडांची पातळी दहा एककांहून अधिक असणे पुरेसे मानतात.

भारताचा राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला आणि त्याचा कृती आराखडा फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत जाहीर झाला. जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांच्यामार्फत निदान व औषधे विनामूल्य देणारा हा कार्यक्रम त्याच्या रचनेत चांगला आहे. अडचण औषधांची उरलेली नाही. जगभरात बीचा संसर्ग असलेल्यांपैकी केवळ १३ टक्के आणि सी असलेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे निदान २०२२ अखेर झालेले होते. बाकीचे चाचणीपर्यंत पोहोचलेलेच नाहीत. इजिप्तने हा अडथळा ओलांडून दाखवला. १९५० ते १९८० च्या दशकांत तेथील सरकारी मोहिमांमध्ये पुन्हापुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे सी देशभर पसरला होता. २०१८-१९ मध्ये त्याच देशाच्या सरकारने काही महिन्यांत जवळजवळ पाच कोटी प्रौढांची तपासणी करून सापडलेल्यांवर उपचार केले. रुग्ण येण्याची वाट पाहणारी यंत्रणा आणि रुग्णाकडे जाणारी यंत्रणा यांत काय फरक पडतो, ते तेथे दिसले.

ठाण्यात बी किंवा सीचा उलगडा आजही बहुधा अपघाताने होतो. शिवजयंती किंवा गणेशोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने भरवलेल्या शिबिरात रक्त दिल्यावर पिशवीची सक्तीची तपासणी होते, एखाद्या शस्त्रक्रियेआधी चाचणी मागितली जाते, किंवा मुंब्रा, भिवंडी, कल्याणमधून आखाती देशांत नोकरीला निघालेल्या तरुणाला वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवले जाते आणि त्याला त्या दिवशी कळते की आपल्याला ऑस्ट्रेलिया अँटीजेन आहे. त्यानंतर काय करायचे हे सांगणारे कोणी त्या कागदाबरोबर येत नाही. वर्तकनगरच्या रहिवाशाला खरे तर ठाण्याचे जिल्हा रुग्णालय आणि कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय दूर नाहीत, कल्याण-डोंबिवलीकरांना रुक्मिणीबाई व शास्त्रीनगर ही महापालिकेची रुग्णालये आहेत. तरी निदान झालेला माणूस पुष्कळदा ते लपवतो, कारण नोकरी आणि सोयरीक दोन्ही धोक्यात येतात. एचआयव्हीबाधितांना २०१७ च्या कायद्याने भेदभावाविरुद्ध संरक्षण दिले आहे, बी किंवा सी असलेल्यांना तसे स्वतंत्र संरक्षण नाही, आणि ज्याच्यापासून कार्यालयातल्या कोणालाही धोका नाही अशा माणसाला कामावर न घेण्याचे प्रकार घडत राहतात.

लसीकरणातही वयाची एक मोठी पोकळी आहे. सरकारी कार्यक्रमातून बीची लस देशभर मिळू लागली ती २०११ पासून, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्या बहुसंख्यांना, म्हणजे आजच्या जवळपास साऱ्या कमावत्या वयाच्या माणसांना, ती मिळालेली नाही. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ती राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट आहे, कारण दूषित सुई टोचल्यास बीचा संसर्ग होण्याची शक्यता लस न घेतलेल्या व्यक्तीत ६ ते ३० टक्के असते, तर एचआयव्हीची केवळ ०.३ टक्के. परंतु रुग्णालयाचा कचरा हाताळणारे कंत्राटी सफाई कामगार, खाजगी प्रयोगशाळांत रक्त काढणारी मुले आणि संसर्ग असलेल्या माणसाच्या घरातील जोडीदार व मुले यांना ती कोण देणार, हा प्रश्न बहुतेक वेळा त्यांच्यावरच सोपवला जातो. प्रौढांसाठी शून्य, एक आणि सहा महिन्यांनी अशा तीन मात्रा लागतात. त्याआधी एचबीएसएजीची चाचणी करून घ्यावी लागते, कारण संसर्ग आधीच झालेला असेल तर लसीचा उपयोग नसतो, आणि घरात बाधित सापडलेला पहिला माणूस हा अनेकदा एकमेव नसतो.